पूर्वाची आजी

ती माणसं कॅमेरा घेऊन आमच्या घरी आली त्या दिवशी मी कडक इस्त्रीची साडी नेसले होते. तिथंच पहिली चूक झाली म्हणायची. फाटकी नेसायला हवी होती, पण मला तसं कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

मी सुंदराबाई ओव्हाळ. उभा जन्म सरकारी दवाखान्यात काढला. नर्स म्हणून लागले, मेट्रन म्हणून बाहेर पडले. माझ्या वॉर्डात मोठे डॉक्टरसुद्धा चपला वाजवत चालत नसत. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला वाटायला नको की म्हातारी अचानक तोंडाळ झाली. मी पहिल्यापासून तशीच आहे.

आम्ही विश्रांतवाडीला राहतो. मुलगा चेतन वीज कंपनीत इंजिनिअर, सून पायल कॉलेजात शिकवते, आणि नात पूर्वा चौदा वर्षांची. पूर्वा गोलकीपर आहे. बाकीची पोरं बॉलमागं धावतात, ही एका जागी उभी राहून बॉलची वाट बघते आणि आला की अंग झोकून देते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. आता मी तिच्या कोपरांना मलम लावते आणि विचारते, किती अडवले?

संगम सिटी नावाचा जो फुटबॉल क्लब आहे, त्यांची सूसच्या पुढं अकादमी आहे. दोन वर्षं पूर्वा तिथं शिकायला जात होती. शाळा सुटली की बस, मग दुसरी बस, अख्खं पुणं ओलांडायचं. गृहपाठ बसमध्ये, जेवण बसमध्ये, परत येताना झोपही बसमध्ये. कंटाळा आला असं एकदाही म्हणाली नाही. आणि यंदा त्यांनी मुलींची पहिली निवासी तुकडी काढली. म्हणजे तिथंच राहायचं, जवळच्या शाळेत जायचं, रोज दोन वेळा सराव, तोही खऱ्या गवतावर. गोलकीपरना शिकवायला वेगळे सर. सगळ्या तुकडीत गोलकीपर मात्र एकच घेणार होते.

ती एक जागा पूर्वाला मिळाली. तिच्या कोचचा, आमोद सरांचा, फोन आला तेव्हा पोरगी मोबाइल कानाला लावून नुसती 'हो सर, हो सर' करत राहिली आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीला मिठी मारून रडली. एवढं मोठं काही तिनं आयुष्यात मागितलंच नव्हतं. आणि जे मागितलं ते स्वतःच्या हातांनी मिळवलं असं आम्ही सगळे समजत होतो.

मग क्लबमधून निरोप आला, मुलींवर एक छोटी फिल्म करतोय, घरी शूटिंगला येऊ का? या म्हटलं. पायलनं पडदे धुतले. मी पोहे भिजवले.

आली ती पंचविशीची मुलगी, कादंबरी नावाची, कोथरूडला राहणारी. क्लबच्या ऑफिसात असली कामं तिच्याकडं. बरोबर कॅमेरावाला. दारात उभी राहून तिनं पाटी वाचली, मोबाइल वाचला, परत पाटी वाचली.

"पूर्वा ओव्हाळ... हेच घर ना?"

"पाटीवर दुसरं काही लिहिलंय का?" मी म्हटलं.

आत आली. सोफा बघितला, पुस्तकांचं कपाट बघितलं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर बघितली, गॅलरीतल्या कुंड्या बघितल्या. एकेक वस्तू दिसली की तिचा चेहरा थोडा थोडा पडत जायचा. कॅमेरावाला घरभर फिरून आला आणि तिच्या कानाशी पुटपुटला, "मॅडम, इधर कुछ मिलेगा नहीं." त्याला वाटलं, म्हातारीला हिंदी कळत नसेल.

"आजी, स्वयंपाकघर जरा साधं असं... म्हणजे चूल वगैरे आहे का कुठं?"

"आमच्याकडं गॅसचा पाइप आलाय. तुमच्या कोथरूडला अजून आला नाही का?"

ती कसनुशी हसली. मग म्हणाली, "तुम्ही आधी लोकांकडं कामाला जायचात ना? त्याबद्दल थोडं बोलाल?"

"जायचे की. लोक ओळीनं झोपलेले असायचे, मी त्यांना इंजेक्शनं द्यायचे."

आता खरं तर तिनं पोहे खाऊन पाय काढता घ्यायचा. पण नवीन पोरगी, वरून काम सांगितलेलं. तिनं शेवटचा प्रयत्न केला. "मग तुमची जुनी जागा आहे का एखादी? वस्तीत, किंवा गावाकडं? आपण पूर्वाला तिथं बसवून शूट करू. ती अभ्यास करतेय, तुम्ही शेजारी भांडी घासताय, असं."

चेतन तोवर गप्प होता. माझा मुलगा तसा शांत, बापावर गेलाय. त्यानं विचारलं, "एक मिनिट. ही फिल्म नक्की कशासाठी आहे?"

आणि मग सगळं बाहेर पडलं. ही निवासी तुकडी एका मोठ्या कंपनीच्या योजनेतून चालणार होती. योजना वंचित मुलींसाठी. कंपनीला दाखवायला फिल्म हवी, फिल्मसाठी गरिबी हवी. आणि पूर्वाला त्यांनी परस्पर त्या योजनेत टाकलं होतं. आम्हाला ना विचारलं ना सांगितलं.

"पण तुम्हाला कुणी सांगितलं की आम्ही वंचित आहोत?" पायलनं विचारलं.

कादंबरी मान खाली घालून बोलू लागली. "ऑफिसमध्ये वाटलं... म्हणजे बसनं येते, बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या असतात, आणि..."

"आणि?" मी म्हटलं.

पुढचं तिनं बोलायची गरजही नव्हती. आडनाव वाचलं असेल, पत्ता वाचला असेल, बाकीचं त्यांनी ऑफिसात बसल्या बसल्या शिजवलं. गोलकीपर बोटं मोडू नयेत म्हणून चिकटपट्ट्या लावतात, हे फुटबॉल क्लबच्या माणसांना मी सांगायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला, आणि घरात खायला असो नसो, मुलांना शाळेत घातलं. दहा बाय दहाच्या खोलीत सातजण राहून मी शिकले. त्या खोलीची मला कधी लाज वाटली नाही, आजही नाही. पण त्या खोलीतून बाहेर पडायला आमच्या दोन पिढ्या खपल्या, आणि ही पोरगी मला म्हणतेय, जरा परत आत जाऊन बसा, उजेड चांगला आहे.

चहा मात्र मी दिला. पुण्यात एवढंसुद्धा सगळे करत नाहीत. जाताना कादंबरी हळूच म्हणाली, "सॉरी आजी. पण फिल्म झाली नाही तर ती जागा राहील की नाही, मला माहीत नाही." वाईट मुलगी नव्हती ती. वाईट काम करत होती, एवढंच.

पूर्वा सगळा वेळ तिच्या खोलीच्या दारात उभी होती. ती माणसं गेल्यावर म्हणाली, "आज्जी, दोन मिनिटांची तर फिल्म आहे. करून टाकलं असतं तर काय झालं असतं?"

"तुझ्या आजीला मोलकरीण म्हणून दाखवलं असतं."

"मोलकरीण असणं वाईट असतं का?"

"नसतं. खोटं असणं वाईट असतं."

तिनं दार लावून घेतलं. रात्री जेवायला आली नाही.

दुसऱ्या दिवशी चेतननं रजा टाकली आणि मी आणि तो अकादमीत गेलो. मी आधी कधी आत गेले नव्हते. खोटं कशाला बोलू, बघून डोळे दिपले. हिरवंगार मैदान, गालिच्यासारखं. त्याच्या पलीकडं प्लॅस्टिकच्या गवताचं दुसरं मैदान. उंच दिव्यांचे खांब, काचेची जिम, दमलेल्या खेळाडूंनी बसायला बर्फाच्या पाण्याचे टब. खऱ्या गवतावर मुलं खेळत होती. मुली प्लॅस्टिकवर. हे मला आमोद सरांनी चालता चालता सांगितलं, की मुलं स्पर्धेला बाहेरगावी गेली की मुलींना गवत मिळतं. निवासी तुकडीला मात्र रोज मिळणार होतं. प्लॅस्टिकवर पडलं की गुडघा भाजून निघतो. माझ्या मलमाच्या डब्या एवढ्या पटापट का संपत होत्या ते मला त्या दिवशी कळलं.

अकादमीचे प्रमुख श्रीधर सर. वरच्या मजल्यावर केबिन, खाली सगळं मैदान दिसतं. गोड बोलणारा माणूस. अशा गोड बोलणाऱ्यांची मला दवाखान्यापासून धास्ती आहे.

"आजी, आपण भावनिक होताय. वंचित हा शब्द फक्त कागदावरचा आहे."

"मग कागदावरच ठेवा की. तो माझ्या घरात कॅमेरा घेऊन कशाला आला?"

चेतन म्हणाला, "सर, पूर्वाची निवड खेळावर झाली आहे ना? मग तिला साध्या जागेवर घ्या. जो खर्च असेल तो मी करतो."

"मुलींच्या तुकडीत साधी जागाच नाही. सगळी तुकडी कंपनीच्या योजनेवर आहे. ती नसती तर तुकडीच नसती."

"आणि मुलांची तुकडी?"

"ती क्लब चालवतो."

मी म्हटलं, "म्हणजे मुलांना खेळता येतं म्हणून घेता, आणि मुलींना कॅमेऱ्यासमोर रडता येतं म्हणून?"

आमोद सर खिडकीबाहेर बघू लागले. श्रीधर सर हसले. त्या हसण्यात काहीही नव्हतं, रिकामं भांडं वाजावं तसं.

तेवढ्यात एक बाई चहा घेऊन आल्या. माझ्याच वयाच्या, बारीक अंगाच्या, हात पाण्यानं पांढरे पडलेले. त्या कप ठेवून गेल्या तशी मी विचारलं, "ज्यांच्यासाठी योजना आहे त्यांच्यात एकही गोलकीपर मुलगी नाही का तुमच्याकडं?"

श्रीधर सरांनी चहाचा कप उचलला. आमोद सर बोलले. "आहे. आत्ता चहा दिला ना, त्या दुर्गाबाई. इथल्या कॅन्टीनमध्ये भांडी घासतात. त्यांची नात चंपा. इथं मागच्याच वस्तीत राहतात. पूर्वाच्या बरोबरीची कीपर आहे. आज पूर्वा थोडी पुढं आहे, पण चंपा तिला गाठेल."

"मग तिला का नाही घेतलं?"

आता श्रीधर सरांना बोलणं भाग पडलं. "चंपा गुणी आहे. पण कॅमेऱ्यासमोर तोंडच उघडत नाही हो. आम्ही दोनदा प्रयत्न केला. पूर्वा कशी छान बोलते, मराठी, इंग्लिश. कंपनीच्या लोकांना असं कुणीतरी हवं असतं."

घ्या. म्हणजे यांना गरीब मुलगी हवी होती, पण ती कॉलेजातल्या प्राध्यापिकेच्या मुलीसारखी बोलायला हवी होती. अशी मुलगी बाजारात मिळेना, म्हणून यांनी प्राध्यापिकेची मुलगी उचलली आणि तिला गरीब करून टाकलं. मी तोंडावर म्हणाले हे सगळं. चेतन माझा हात दाबत होता, पण मी काही थांबले नाही.

शेवटी श्रीधर सरांनी हात वर केले. "ठीक आहे आजी. तुमच्या घरी शूटिंग नाही. पूर्वाची जागा कायम. आम्ही बघतो काय करायचं ते."

"आणि चंपा?"

"पुढच्या वर्षी नक्की."

पुढच्या वर्षी हे शब्द ऐकून आम्ही उठलो, कारण या वर्षीची जागा आमची होती. मी तर जिंकल्यासारखी घरी आले. शेजारणीला सांगितलं, पायलला तीनदा सांगितलं, कसा त्या माणसाला सरळ केला ते.

पूर्वा तिकडं राहायला गेली. घर सुनं सुनं वाटायचं, पण फोनवर तिचा आवाज ऐकला की मन भरायचं. "आज्जी, गवतावर पडलं की लागतच नाही. मी आज मुद्दाम चार वेळा जास्त पडले." कीपरचे सर तिला पाय कुठं ठेवायचा ते शिकवत होते. कॉर्नर आला की पुढं कधी यायचं, मागं कधी थांबायचं, हे ती मला फोनवर समजावून सांगायची आणि मला कळल्यासारखं मी हूं हूं करायची. मग एका रविवारी ती फारशी बोलली नाही. दमलेय म्हणाली. पुढच्या रविवारीही दमली होती. मी मनात म्हटलं, दोन वेळा सराव म्हणजे दमणारच पोर.

त्यानंतर मुलींच्या वसतिगृहाचं रीतसर उद्घाटन निघालं. आम्हा घरच्यांना आमंत्रण आलं. मांडव, खुर्च्या, कंपनीचे मोठे साहेब मुंबईहून आलेले, त्यांच्या गळ्यात हार. आम्ही तिसऱ्या रांगेत. मुली क्लबच्या लाल कपड्यांत व्यासपीठाशेजारी ओळीनं उभ्या. पूर्वा आमच्याकडं बघून हसली नाही. मी हात हलवला तर तिनं मान खाली घातली. मला वाटलं, मैत्रिणींसमोर लाजली.

भाषणं झाली आणि पडद्यावर फिल्म सुरू झाली. आधी मैदान, आकाश, उडणारा बॉल. मग पूर्वा हवेत झेपावून बॉल पकडते. पायलनं माझा हात धरला. आणि मग पडद्यावर एक पत्र्याची खोली आली. एका कोपऱ्यात पूर्वा गोधडीवर बसून अभ्यास करतेय. दुसऱ्या कोपऱ्यात एक म्हातारी पाठमोरी बसून भांडी घासतेय. म्हातारी वळली. त्या दुर्गाबाई होत्या. खाली अक्षरं आली, 'पूर्वाची आजी'.

आणि पूर्वाचा स्वतःचा आवाज, स्वच्छ, शाळेत पाठ म्हणावा तसा. "ही माझी आजी. ती लोकांची भांडी घासते, म्हणून मी फुटबॉल खेळू शकते."

मी इथं जिवंत बसले होते, खरीखुरी, तिसऱ्या रांगेत, सुनेचा हात हातात घेऊन. आणि पडद्यावर माझी जागा दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती. ती खोली दुर्गाबाईंचीच होती, म्हणजे चंपाची. आजी चंपाची, गोधडी चंपाची, खिळ्याला टांगलेलं दप्तरसुद्धा चंपाचंच असणार. सगळं खरं होतं. फक्त नात तेवढी बदलली होती, कारण खरी नात बोलत नव्हती. माझ्या डोक्यात नुसता जाळ उठला. चेतन उठायला लागला. मी त्याला खाली बसवलं. मलाही उठायचं होतं, पण पूर्वा तिथं ओळीत उभी होती.

टाळ्या पडल्या. साहेबांनी डोळे टिपले. सूत्रसंचालन करणारी बाई म्हणाली, "आता आपण या माउलीचा सत्कार करू या." आणि दुर्गाबाईंना व्यासपीठावर आणलं. नवीन लुगडं नेसवलेलं, घडीची मोड अजून तशीच. साहेबांनी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. दुर्गाबाईंना समजत नव्हतं नक्की कुणाकडं बघायचं. त्या सारख्या मांडवाच्या कडेला बघत होत्या. मीही तिकडं बघितलं. खांबाला टेकून एक उंच, काळीसावळी पोरगी उभी होती, घरच्या कपड्यांत. चंपा. तिला कुणी लाल कपडे दिले नव्हते.

"पूर्वा, ये बेटा, आजीच्या पाया पड. आणि आजीबद्दल दोन शब्द बोल."

पूर्वा ओळीतून निघाली. श्रीधर सरांनी तिच्या हातात माईक दिला, खांद्यावर थोपटलं. ती दुर्गाबाईंच्या शेजारी उभी राहिली आणि बराच वेळ बोललीच नाही. श्रीधर सर हसून म्हणाले, "भरून आलंय तिला." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर पूर्वा म्हणाली, "या चंपाच्या आजी आहेत. माझी आजी तिथं बसलीय, तिसऱ्या रांगेत. ती मेट्रन होती."

श्रीधर सर माईककडं आले तशी ती दोन पावलं मागं सरकली, गोलमध्ये सरकते तशी, नजर समोर ठेवून. "घर पण चंपाचं आहे. मला सरांनी सांगितलं होतं की तुझ्या घरी कळलं तर वसतिगृहातली तुझी कॉट जाईल. म्हणून मी खोटं बोलले. शूटिंगच्या वेळी चंपाला बाहेर उभं केलं होतं. कॉट तिची आहे."

आणि माईक तिनं स्वतःच बंद केला. त्याचं बटण कुठं असतं तेही तिला माहीत होतं.

साहेबांनी श्रीधर सरांना विचारलं, "चंपा कोण?" तेवढं पुढच्या तीन रांगांना ऐकू गेलं. श्रीधर सर म्हणत होते, "मुलं कधी कधी, सर, दडपणाखाली..." मी उठले. मी व्यासपीठाशी गेले आणि म्हटलं, "दडपण कुणी टाकलं ते सांगा की साहेबांना. मोठ्या माणसांशी बोलून जमलं नाही म्हणून चौदा वर्षांच्या पोरीला एकटी गाठलीत. घरी सांगू नकोस म्हणालात. अशी बोलणी पोरींशी कोण करतं, माहीत आहे ना तुम्हाला?" आवाज मी चढवला नाही. वॉर्डात मी कधी आवाज चढवला नाही, लागतच नसे.

दुर्गाबाई नारळ घेऊन तशाच उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "ताई, मला म्हणले, हे केलं की तुमच्या नातीचं पण बघू." त्यांच्यावर मी काय रागावणार. मी त्यांच्या खांद्यावरची घसरलेली शाल नीट केली आणि पूर्वाला घेऊन बाहेर पडले.

गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. पाषाण ओलांडल्यावर मी म्हटलं, "बरं केलंस."

"बरं नाही केलं," ती म्हणाली. "मला तिथं राहायचं होतं. आज्जी, मला खेळायचं होतं." आणि मग ती जी रडायला लागली ती विश्रांतवाडी येईपर्यंत. आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांना समजावत आले, पण तिला काय सांगायचं ते मला कळेना.

आठवड्याभरात क्लबचा मेल आला. पूर्वाला बेशिस्तीबद्दल अकादमीतून कमी केलं. नुसत्या वसतिगृहातून नाही, अकादमीतूनच. म्हणजे प्लॅस्टिकचं मैदानही गेलं. चंपाला कॉट मिळाली. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव विचारलं होतं, त्यामुळं क्लबला देणं भागच होतं. त्याचा मला आनंद आहे, मनापासून आहे. आमोद सरांचा फोन आला, म्हणाले, मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होता, तेव्हा आता वाईट वाटून घ्यायचं ते तुमचं तुम्ही घ्या. श्रीधर सर आहेत त्याच केबिनमध्ये आहेत.

आता जो भेटतो तो पूर्वाचं कौतुक करतो. विहारात सत्कार करू म्हणाले, ती नाही म्हणाली. पायलच्या कॉलेजातल्या बाया म्हणतात, केवढं धाडस. ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पोरीला धाडस कशाला लागावं? अंगावर येणाऱ्या बॉलसमोर झोकून द्यायला जेवढं लागतं तेवढं तिच्याकडं होतं, भरपूर होतं. त्याच्यावरचं जे धाडस लागलं ते पगार घेणाऱ्या मोठ्या माणसांकडं असायला हवं होतं. त्यांनी ते दाखवलं नाही म्हणून तिला दाखवावं लागलं, आणि त्याची शिक्षा त्यांना झाली नाही, तिला झाली. आणि आम्ही काय करायचं, तर शाबासकी द्यायची.

रोज संध्याकाळी ती खाली पार्किंगमध्ये जाते. भिंतीवर बॉल मारते आणि परत आला की स्वतःच अडवते. फरशीवर पडते. कोपरं पुन्हा सोलली आहेत. काल सोसायटीचे सेक्रेटरी महिपतराव दारात आले. चप्पल न काढता उभे राहिले आणि म्हणाले, "सुंदराबाई, बॉलचा फार आवाज होतो हो. लोकांच्या तक्रारी आहेत. पार्किंगमध्ये खेळू नये अशी पाटीसुद्धा लावलेली आहे."

मी म्हटलं, "आवाज होणारच. तिच्याकडं आवाज न होणारं मैदान होतं, ते काढून घेतलं. आता होईल तेवढा आवाज सगळ्यांनी ऐकायचा, महिपतराव. तुम्हीसुद्धा."

खाली बॉल भिंतीवर आपटत होता. मी दार उघडंच ठेवलं.